डाव्या वळणावर तुटणारी हाक

मित्रांनो, मी एक लहानसे विमान आहे. दुकानाच्या काचेमागे मात्र मी कधी उभे राहिले नाही. माझा जन्म शिवणयंत्रांच्या दुरुस्तीच्या टेबलावर झाला. तेलाचा वास, सुयांच्या डब्या आणि जुन्या बॉबिनी हे माझे पहिले शेजारी.

ते टेबल एका मिस्त्रींचे होते. चाळीस वर्षे त्यांनी लोकांची शिवणयंत्रे दुरुस्त केली. यंत्राचा नुसता आवाज ऐकून ते सांगत, "सुईचा दोष नाही, खाली बॉबीन अडतेय." त्यांनी दुकान बंद केले त्या वर्षी त्यांना रिकामे बसवेना. मग त्यांनी बाल्सा नावाचे लाकूड आणले. हे लाकूड इतके हलके असते, की फुंकर मारली तरी पट्टी टेबलावरून सरकते. तीन महिने ते ब्लेडने पट्ट्या कापत होते, डिंकाने जोडत होते आणि टाचण्यांनी धरून ठेवत होते. शेवटी त्यांनी माझ्या सांगाड्यावर निळी पातळ फिल्म पसरली आणि ती इस्त्रीने चिकटवली. इस्त्री त्यांच्या पत्नीची होती. घरात सगळे त्यांना आई म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणते.

"अहो, माझ्या इस्त्रीला हे निळं काय लागलंय?" आईंनी विचारले.

"आकाश लागलंय," मिस्त्री म्हणाले. पुढचे दोन दिवस त्यांना बिनइस्त्रीचा शर्ट घालावा लागला.

मी कसे उडते, हे तुम्हाला थोडक्यात सांगते. माझ्या नाकात मोटर आहे आणि पोटात बॅटरी. बॅटरीच्या मागे रिसीव्हर बसतो. तो म्हणजे माझा कान. त्यातून अँटेनाच्या दोन बारीक तारा निघतात. मिस्त्रींच्या हातात रिमोट असतो, त्यावर दोन दांड्या असतात. दांडी हलली की हवेतून हाक येते, माझा कान ती ऐकतो आणि सर्वो नावाच्या छोट्या मोटरी माझे पंख आणि शेपटीचे सुकाणू वळवतात. ही हाक सेकंदाला कितीतरी वेळा येत राहते. ती थांबली, तर मला काहीच कळत नाही. मी तेव्हा वाऱ्यावर सोडलेली एक लाकडी वस्तू असते.

सहा वर्षे ती हाक एकदाही थांबली नाही. दर रविवारी सकाळी मिस्त्री मला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर नेत. मैदानाची देखरेख करणारे गृहस्थ पूर्वी फुटबॉलचे पंच होते. गळ्यातली शिट्टी त्यांनी अजून सोडलेली नव्हती, म्हणून सगळे त्यांना पंच म्हणत. कोणी नियम मोडला की ते शिट्टी वाजवत. मिस्त्रींसाठी मात्र ती कधी वाजली नाही. उलट नव्या लोकांना ते म्हणत, "विमान उतरवायचं कसं, ते त्या मिस्त्रींचं बघा. गवताला झोपेतून उठवत नाही तो माणूस." असे काही ऐकले की घरी परतताना गाडीत मी उगाच ताठ बसे.

मग एका सकाळी मिस्त्रींच्या डाव्या हातातून चहाचा कप निसटला. कप फुटला, पण मिस्त्रींना तो उचलायलाही वाकता येईना. त्यांना रुग्णालयात नेले. पक्षाघाताचा झटका होता, पण हलका. महिन्याभरात पाय सावरला, बोलणे नीट झाले. डाव्या हाताची पकड मात्र कमी झाली आणि बोटे थोडी थरथरू लागली.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "तुम्हाला हातानं काय करायला आवडतं?"

"विमान उडवतो."

"मग तेच करा. बोटांना रोज काम द्या. ती हळूहळू ऐकायला लागतील."

मिस्त्री घरी आले ते हसतच. त्यांनी टेबलावर रबरी चेंडू ठेवला आणि तो ते रोज दाबू लागले. मी भिंतीवरच्या खुंटीला टांगलेले होते. पाच महिने मी त्यांची वाट पाहत होते. एका दुपारी आई आतल्या खोलीत पडल्या होत्या. मिस्त्रींनी मला खाली घ्यायला हात वर केले. उजव्या हाताने पंख धरला, डाव्याने पोट. डाव्या हाताची पकड सुटली आणि मी टेबलाच्या कडेवर आपटून फरशीवर पडले.

माझ्या पोटाची डावी भिंत उभी चिरली. मला दुखले असे मी म्हणणार नाही, पण मिस्त्रींचा चेहरा मला पाहवेना. ते कितीतरी वेळ फरशीवर माझ्याजवळ बसून होते. मग उठले आणि त्यांनी खोलीचे दार लोटून घेतले.

आठ दिवस ते दार लोटूनच काम करत होते. कोणाला काही सांगितले नाही. चिरलेल्या भिंतीला आतून आधार हवा होता. त्यांच्याजवळ कार्बन फायबरची एक काळी पातळ पाटी होती. तिचे वजन नावापुरते आणि ताकद लोखंडासारखी. मोडलेल्या हाताला फळी बांधतात तशी त्यांनी ती माझ्या डाव्या कुशीत चिकटवली. माझ्या कानाच्या दोन्ही तारा मोकळ्या लोंबत होत्या, त्याही त्यांनी नीटनेटक्या त्या पाटीवर चिकटपट्टीने बसवून टाकल्या. थरथरत्या बोटांनी केलेले ते काम इतके सफाईदार होते, की बाहेरून चीर दिसतही नव्हती.

आणि तिथूनच आमचे वाईट दिवस सुरू झाले.

पहिल्या रविवारी मी झकास उडाले. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला झाडांची एक रांग आहे. तिथे पोचल्यावर मिस्त्रींनी मला डावीकडे वळवले आणि अर्ध्या वळणात हाक तुटली. मी तसेच कलंडत राहिले. थोड्या वेळाने हाक पुन्हा आली, पण तोवर मी उंच गवतात घुसले होते. वारा होता, असे सगळे म्हणाले. दुसऱ्या वेळी वारा नव्हता. मी कुंपणावर आदळले आणि माझा पंख मोडला. तिसऱ्या वेळी मी झाडांकडून भरकटत थेट लोक बसतात त्या बाजूला आले. तिथे एक बाई आपल्या लहान मुलीच्या बुटाची नाडी बांधत होती. पंचांची शिट्टी वाजली, बाईने मुलीला छातीशी धरून खाली बसकण मारली आणि मी त्यांच्या डोक्यावरून हातभर अंतरावरून जाऊन मागच्या जाळीत अडकले.

कोणाला काही झाले नाही. पण मिस्त्री जाळीपाशी आले, तेव्हा त्यांच्या हातातला रिमोट खडखड हलत होता. पंच मागोमाग आले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते.

"मिस्त्री, मला हे बोलायला जीभ रेटत नाही," ते म्हणाले. "पण आता नको. तुमचा हात अजून तयार नाहीये."

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले.

मित्रांनो, हात तयार होता. त्या वळणावर त्यांनी दांडी उजवीकडे दाबली होती, जीव तोडून दाबली होती. फक्त ती हाक माझ्यापर्यंत पोचली नव्हती. हे जगात एकट्या मला माहीत होते आणि मला तोंड नव्हते.

घरी मुलगा समजुतीने म्हणाला, "बाबा, पुष्कळ उडवलंत की. आता जरा आराम करा." मिस्त्रींनी मान डोलावली आणि मला कपाटावर ठेवले. रबरी चेंडू खणात गेला. पंधरा दिवसांत ते शर्टाची बटणेही आईंकडून लावून घेऊ लागले. डावा हात ते खिशात ठेवत, नको असलेला पाहुणा दाराआड बसवावा तसा. माझ्यावर धूळ बसत होती त्याचे मला काही वाटत नव्हते. कपाटावरून मला ती बटणे दिसत, त्याचे वाटे.

त्या घरातली सून रुग्णालयातली यंत्रे दुरुस्त करायची. छातीचे ठोके मोजणारी, श्वास देणारी, अशी यंत्रे. कामावरून यायची, हातपाय धुवायची आणि सासऱ्यांशी गप्पा मारायला टेबलाशी बसायची. त्या दिवशी तिने कपाटावर पाहिले.

"बाबा, हे वर का ठेवलंय?"

"हात ऐकत नाही गं माझा."

"कशावरून?"

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले. हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही विचारला नव्हता.

"अगं, तीनदा पडलं. झटक्याआधी एकदाही पडलं नव्हतं. अजून काय पाहिजे?"

"आमच्याकडे एखादं यंत्र चुकीचे आकडे दाखवायला लागलं की सगळे म्हणतात, नवी नर्स आली तेव्हापासून असं होतंय," सून म्हणाली. "मी नर्सला काही विचारत नाही. आधी तारा बघते. हात दोषी असेल तर असू दे, पण आधी तपासू."

रविवारी तिने मला खाली काढले, पुसले आणि मागच्या अंगणात नेले. आधी तिने बॅटरी पाहिली. नुसती नाही, मोटर पूर्ण वेगात फिरवून, सगळे सर्वो एकदम हलवून. कारण बसल्या जागी भरलेली दिसणारी बॅटरी कामाला लावली की कधी कधी मान टाकते आणि मग रिसीव्हर क्षणभर झोपतो. माझी बॅटरी ठणठणीत निघाली. मग तिने एकेक तार हलकेच ओढून पाहिली. एकही सैल नव्हती. सर्वो गरम होत नव्हते. मग तिने मला एका स्टुलावर नाक घराकडे करून ठेवले, रिमोटची ताकद मुद्दाम कमी करायचे बटण दाबले, म्हणजे जवळूनही लांबच्यासारखी परीक्षा होते, आणि घराच्या दिशेने तीस पावले मागे जाऊन दांड्या हलवल्या. मी प्रत्येक हाकेला ओ दिली.

"झालं?" मिस्त्री म्हणाले. "मी सांगत होतो. विमान चांगलं आहे." त्यांनी हात पुन्हा खिशात घातला.

मला त्या क्षणी काय वाटले ते सांगता येत नाही. मी चांगले ठरत होते आणि त्यामुळेच ते वाईट ठरत होते.

सून स्टुलापाशी बसून राहिली. मग म्हणाली, "बाबा, झटक्यानंतर तुमचा हात बदलला, हे खरं. पण त्याच सुमारास विमानात काही बदललं का? काही नवीन लावलंत, काही दुरुस्त केलंत?"

मिस्त्रींनी अंगणातल्या नळाकडे पाहिले, मग चपलांकडे.

"सांगा ना," पायरीवर बसलेल्या आई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"पडलं होतं ते. मी आत जागीच होते. आवाज ऐकला होता. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले, आणि तुम्ही दार लोटून बसलात."

मिस्त्रींचे कान लाल झाले. मग ते हळूहळू बोलू लागले. मी कसे निसटले, भिंत कशी चिरली, त्यांनी आतून पाटी कशी लावली. शेवटी म्हणाले, "एवढंसं विमान धरता आलं नाही मला. कोणत्या तोंडानं सांगणार?"

"कसली पाटी?" सुनेने विचारले.

"कार्बनची."

सून उठून उभी राहिली. "बाबा, तुम्ही बसा. आई, तुम्ही इकडे या. हा रिमोट धरा."

"मी? मला टीव्हीचा रिमोट कळत नाही."

"ही डावी दांडी फक्त डावीकडे-उजवीकडे करत राहा. थांबू नका."

आईंनी रिमोट घेतला. त्यांच्या हाताला काही झालेले नव्हते, आणि जन्मात त्यांनी कधी विमान उडवलेले नव्हते. सुनेने मला दोन्ही हातांत उचलले आणि ती तीस पावले दूर गेली. माझे नाक आईंकडे होते. दांडी हलली, माझे सुकाणू हलले. सुनेने मला फिरवून शेपटी त्यांच्याकडे केली. हलले. उजवी बाजू केली. हलले. मग तिने माझी डावी बाजू आईंकडे केली आणि त्या वळणावर मी कलंडते तसे मला जरासे कलंडवले.

हाक तुटली.

"हलवताय ना?" सुनेने विचारले.

"हलवतेय की. कधीची हलवतेय." आईंनी दांडी दोन्ही टोकांना दाबून दाखवली. "अहो, तुम्ही बघा, मी हलवतेय आणि हे ऐकतच नाहीये."

मिस्त्री खुर्चीतून उठले. त्यांनी आईंच्या हातातल्या दांडीकडे पाहिले, मग माझ्या निश्चल सुकाणूकडे. सुनेने माझे नाक पुन्हा आईंकडे केले, सुकाणू हलू लागले. डावी बाजू केली, पुन्हा गप्प. तिने हे पाच वेळा केले. पाचही वेळा तेच.

टेबलावर माझे पोट उघडले, तेव्हा सुनेने ती काळी पाटी बोटाने दाखवली. कार्बनमधून रेडिओची हाक आरपार जात नाही. लाकडातून जाते, फिल्ममधून जाते, कार्बनमधून नाही. डाव्या वळणावर मिस्त्री आणि माझा कान यांच्यामध्ये ती पाटी भिंतीसारखी उभी राहत होती. त्यात कानाच्या तारा तिलाच चिकटवलेल्या. जवळ असताना हाक कशीबशी पोचत होती, झाडांपाशी गेले की संपत होती.

"म्हणजे चूक माझीच निघाली," मिस्त्री म्हणाले.

"हो," सून म्हणाली. "पण हाताची नाही. हातानं तर अशी पाटी बसवलीय की मला काढता येईना."

मिस्त्री हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि ते डाव्या हाताने पुसले.

पाटी त्यांनीच काढली. तिच्या जागी प्लायवुडची पातळ पट्टी बसवली. कानाची एक तार त्यांनी एका छोट्या प्लॅस्टिकच्या नळीतून पोटाबाहेर खाली काढली आणि दुसरी तिच्याशी काटकोनात आडवी ठेवली, म्हणजे मी कसेही वळले तरी एक तरी तार मोकळी राहील. सुनेने अजून एक गोष्ट शोधली. हाक तुटली तर मी काय करायचे, हे मला इतकी वर्षे कोणी शिकवलेच नव्हते. मी मोटर चालूच ठेवत असे. आता तिने रिसीव्हरला शिकवले, की हाक तुटली की मोटर बंद आणि पंख सपाट. मला घट्ट धरून तिने रिमोट बंद केला, मोटर तत्काळ थांबली. आणि हात खरोखर थोडा थरथरत होता, हेही कोणी नाकारले नाही. दांडी जराशी हलली तर मी दचकू नये, म्हणून तिने रिमोटमध्ये दांड्या मवाळ करून दिल्या. चेंडू खणातून बाहेर आला.

पंचांना पटवायला मिस्त्रींनी शब्द वापरले नाहीत. त्यांनी रिमोटची ताकद कमी करून तो पंचांच्या हातात दिला, मला घेऊन तीस पावले चालत गेले आणि चारही बाजूंनी फिरवून दाखवले. मग काढलेली काळी पाटी खिशातून काढून रिसीव्हरजवळ धरली आणि पंचांच्या डोळ्यांदेखत माझे सुकाणू मुके केले.

पंच पाटीकडे पाहत राहिले. "मी तुमच्या हातावर शिट्टी वाजवली होती," ते म्हणाले. "चुकीचा निर्णय होता. फुटबॉलच्या मैदानावर मी कधी निर्णय मागे घेतला नाही, पण हा घेतो." मग त्यांनी बसायच्या जागा रिकाम्या करायला लावल्या, आणि स्वतः मिस्त्रींच्या शेजारी येऊन उभे राहिले.

मी धावले, उचलले गेले. खाली मैदान पसरत गेले. मिस्त्री मला आधी उजवीकडेच वळवत होते. एक फेरी, दोन फेऱ्या. मला कळत होते, ते त्या वळणाला भीत आहेत. खरे सांगायचे तर मीही भीत होते. तिसऱ्या फेरीत त्यांनी मला सरळ जाऊ दिले. झाडांची रांग जवळ आली.

"घ्या, बाबा," सून हळूच म्हणाली असेल. मला ते ऐकू आले नाही. मला फक्त दांडीची हाक ऐकू आली. डावीकडे.

मी कलंडले. अर्धे वळण झाले. हाक येत होती. थोडी थरथरती, पण अखंड, एकामागून एक. आता उजवीकडे सावर, आता नाक वर, आता सरळ. मी सरळ झाले. झाडे मागे राहिली. मिस्त्रींनी त्याच टोकाला मला अजून चार वेळा डावीकडे वळवले. एका वेळेने त्यांचे समाधान झाले नसावे. मग उतरवले. उतरताना मी दोनदा उसळले, गवत चांगलेच जागे झाले. पण त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

मित्रांनो, त्याला आता दोन वर्षे झाली. मिस्त्रींची बटणे मिस्त्रीच लावतात, वेळ लागतो तो लागतो. मैदानावर त्यांच्यासाठी एक टेबल ठेवले आहे. कोणाचे विमान भरकटले की पंच त्याला आधी तिकडे पाठवतात. मिस्त्री विमान हातात घेतात, उडवणाऱ्याला तीस पावले लांब उभे करतात आणि विमान सगळ्या बाजूंनी फिरवतात. कधी तार सैल निघते, कधी बॅटरी दमलेली, कधी खरोखरच उडवणारा नवखा असतो. त्यालाही ते रागावत नाहीत. फक्त पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे मधे कुठं पडलं होतं का?" आणि पुष्कळदा समोरचा माणूस आधी चपलांकडे पाहतो.

तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी वस्तू असेल. उडवण्याआधी तिला रोज एकदा तपासा, एका बाजूने नाही, सगळ्या बाजूंनी. ती हातातून पडली तर दार लोटून बसू नका. आम्ही मोडतो, आम्हाला जोडता येते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र आम्हाला तोंड नाही. कुठे चिरले आणि केव्हा, ते तुम्हालाच सांगावे लागेल. ते एकदा सांगितलेत, की माझ्यासारखे तिलाही तुम्हाला पुन्हा निर्धास्तपणे डावीकडे वळवता येईल.